राहुकाळातली ट्रायल

गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, पण तिचा किस्सा तिथेच राहतो. त्याची डिलिव्हरी घ्यायला कोणी येत नाही! असे इतके किस्से माझ्याकडे साठलेत की नवऱ्याने आता ऐकणंच सोडून दिलंय. म्हणून म्हटलं, आज तुम्हाला धरावं.

मी मूळची इचलकरंजीची. ऑटोमोबाइल शिकले, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे चेन्नईला आले. तो श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात, कंपनीच्या बसने जातो-येतो. मी वेस्ट मांबलममधल्या एका गॅरेजात. गॅरेज सेल्वम अण्णांचं. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, गाडीचं निदान करायचं आणि मग ते निदान गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचं. यातलं तिसरं काम सगळ्यात अवघड.

अण्णा माणूस सोन्यासारखा, पण नियमाचा पक्का. त्यांच्या टेबलामागे तमिळ डेली कॅलेंडर लटकतं. त्याच्या रोजच्या पानावर राहुकाळ छापलेला असतो, म्हणजे दिवसातला तो दीड तास, ज्यात नवीन काही सुरू करायचं नाही. तेवढ्या वेळात आमच्याकडून एकही गाडी ट्रायलला बाहेर पडत नाही. ब्रेक उघडा, इंजिन उतरवा, काहीही करा, पण चाक गेटच्या बाहेर जाता कामा नये! सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मीच त्या दीड तासात डबा खायला लागले.

आणि आमच्याकडे येतात कोण? तर बहुतेक सगळे थरथरणारे. म्हणजे गाड्या! ॲक्सिलरेटर दाबला की अंग झाडणाऱ्या, पिकअप घेताना हुडहुडी भरणाऱ्या. अण्णांचं त्यात नाव आहे. "वंडी आडुदु" म्हणजे "गाडी हलतेय" हे मी शिकलेलं तमिळमधलं पहिलं वाक्य. "जेवलात का?" हे त्यानंतर शिकले.

*

थरथर कशी होते, हे गिऱ्हाईक कधी तोंडाने सांगत नाही. करून दाखवतं!

एकदा एक धिप्पाड बँक मॅनेजर आले. मी विचारलं, "सर, नक्की कसं होतं?" ते माझ्यासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, हवेत स्टीअरिंग धरलं, पायाने ॲक्सिलरेटर दाबला आणि म्हणाले, "हे बघा मॅडम, चाळीसपर्यंत काही नाही... पन्नास... आता साठ..." आणि साठला जे गदागदा हलायला लागले, की टेबलावरची कॉफी माझ्या कीबोर्डवर. मी म्हटलं, "कळलं सर, कळलं!" पण ते ऐकेनात. त्यांना ऐंशीला काय होतं तेही दाखवायचं होतं.

ऐंशीला खुर्चीचा मागचा पाय मोडला.

गाडी आम्ही त्याच दिवशी दुरुस्त करून दिली. खुर्ची अजून तशीच आहे.

*

एक मृदंगम् शिकवणारे गुरुजी आहेत. बारीक अंगाचे, कपाळावर विभूती, बोलणं कमी. त्यांना विचारलं तर त्यांनी डोळे मिटले आणि टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. "त-क-धि-मि... त-क-धि-मि... ही नीट चाललेली गाडी." मग थांबले. "आता चढ. त-क-धि... त-क-धि... चौथं अक्षर गळतं."

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. चार सिलिंडरचं इंजिन! बॉनेट उघडलं, तर एका सिलिंडरची इग्निशन कॉइल गेलेली. जोर लावायची वेळ आली की तो सिलिंडर गप्प बसायचा आणि उरलेले तिघे गाडी ओढायचे. असा सरळ निदान सांगणारा माणूस मला आजवर दुसरा भेटलेला नाही.

कॉइल बदलली. गुरुजी चक्कर मारून आले, गाडी बंद केली, थोडा वेळ आतच बसून राहिले.

"काय झालं गुरुजी? अजून आहे का?"

"नाही, नाही. ताल अगदी शुद्ध आहे आता," ते म्हणाले. "पण आधीच्यात जरा गंमत होती!"

*

आता कमला टीचरांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचे तीन-चार महिने माझ्या डोक्यात त्याच होत्या.

टीचर म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात. कडक इस्त्रीची सुती साडी, नाकात दोन्हीकडे चमक्या, आणि आपली छोटी पांढरी गाडी स्वतः चालवत आल्या. माझ्या शर्टावरचं नाव वाचलं आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "तूं मराठी की? कोठलें गांव?"

मी उडालेच! चेन्नईत, ग्रीसच्या वासात, आणि हे मराठी! म्हटलं, "इचलकरंजी."

"तें कोठें आलें?"

"कोल्हापूरजवळ. आणि टीचर, तुमचं?"

"आमचें तंजावूर. आम्ही येऊन तीनशें वर्षें झालीं. तुज किती झालीं?"

मी चार म्हणाले. त्यांनी "मग हरकत नाहीं, होईल सवय" अशा अर्थाची मान हलवली.

पणजीच्या तोंडी शोभावेत असे शब्द आणि त्यांना तमिळचा हेलकावा, असं ते बोलणं. मला पहिल्या दिवसापासून आवडलं. पण त्यांचा प्रश्न साधा नव्हता.

"ॲक्सिलरेटर दाबिला की गाडी थरथरते. माझा लेंक म्हणूंलागला, गाडीस काय झालें नाहीं अम्मा, तुझा पायच थरथरतो म्हणून. दिवाळीस येईल, गाडी विकून टाकील. पोरी, तूंच पाहून सांग. गाडी की मी?"

हे शेवटचं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. मला मात्र ते शांतपणे घेता येईना. कारण गाडी गेली तर टीचर घरात बसणार हे उघड होतं. आणि त्यांच्या मैत्रिणीही. त्या सगळ्या मामींमध्ये (इथे वयस्कर बायकांना मामीच म्हणतात) गाडी चालवणाऱ्या या एकट्याच!

अण्णांनी ट्रायल घेतली. मी घेतली. टीचरना चालवायला लावून मी शेजारी बसले. गाडी पाण्यासारखी चालली. टीचरांचा पाय ॲक्सिलरेटरवर असा स्थिर, की मीच लाजले.

"आज नाही झालं," मी म्हटलं.

"हां," टीचर म्हणाल्या, "दवाखान्यांत गेलें की पोट दुखणें थांबतें, तसेंच हें."

*

पुण्याचं एक आयटीतलं जोडपं आमच्याकडे येतं. निनाद आणि केतकी. निनादची तक्रार अशी, की गाडी फक्त केतकी चालवते तेव्हाच थरथरते. "मी चालवतो तेव्हा मक्खन! तिचं क्लच-ॲक्सिलरेटरचं टेक्निकच चुकतंय. तुम्ही जरा समजावून सांगा तिला."

केतकीने फक्त माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला चांगलंच ओळखीचं होतं.

अण्णा म्हणाले, दोघांची ट्रायल घेऊ. आधी केतकी बसली. गेटबाहेर पडली, गिअर टाकला, मोकळा रस्ता दिसताच पाय दाबला. गाडी खडखडून थरथरली. मागून निनाद, "बघा! बघा!"

मग निनाद बसला. खरंच मक्खन. अजिबात हिसका नाही. फक्त एक झालं, की पाण्याचे दोन कॅन लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. मग नारळ विकणारी हातगाडी आमच्या बरोबरीने चालायला लागली.

अण्णांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "सर, कधीपासून चालवताय ही?"

"तीन वर्षं झाली."

"मग आज एकदा ॲक्सिलरेटर दाबून बघा ना!"

स्पार्क प्लग संपले होते. बदलले. बिल निनादच्या हातात द्यायला गेले तर केतकी म्हणाली, "थांबा, त्याला वाचू दे, पण सावकाश. त्याला घाई जमत नाही!"

*

टीचर मधून मधून येतच होत्या. "काल झालें," म्हणायच्या. आम्ही ट्रायल घ्यायचो, गाडी गुण दाखवायची नाही. इंजिनची माउंट्स, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रबरी आधार, बघितली, प्लग बघितले, चाकं बॅलन्स केली. सगळं ठीक.

एक दिवस त्यांच्या मुलाचा, रघूचा, हैदराबादहून फोन आला. "मॅडम, प्लीज, तिला एकदा सांगून टाका ना, की गाडीत काही फॉल्ट नाही."

"सांगितलंय आम्ही."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, पुन्हा बघा."

तो हसला नाही. "ती एकटी असते हो तिथे. रस्त्यात काही झालं तर मला कळणार कधी?" आवाजात रडकुंडीला आलेला मुलगा होता. त्याच्यावर रागावायची माझी पूर्ण तयारी होती, ती तिथेच राहिली. मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण म्हणून टीचरांची गाडी काढून घ्यायची? मला दोघांचंही पटत होतं, आणि हातात पुरावा कोणाच्याच बाजूचा नव्हता.

*

याच सुमारास आमची स्वतःचीच गाडी थरथरायला लागली. नवरा म्हणाला, "अण्णांकडे नको. हा माझा विषय आहे." हो, विसरलेच सांगायला. तो कारखान्यात गाड्यांची कंपनंच मोजतो!

रविवारी तो लॅपटॉप, वायरी आणि चुंबकाने चिकटणारे सेन्सर घेऊन गॅरेजात हजर. गाडीला आयसीयूतल्या पेशंटसारखं सजवलं. चक्कर मारून आला, स्क्रीनवर रंगीत आलेख काढले, हे शिखर, ते शिखर, तासभर बघत बसला. अण्णा शेजारी उभे. त्यांना खरंच कुतूहल होतं. तमिळमध्ये विचारलं, "सर, या सगळ्याचा अर्थ काय निघाला?"

नवऱ्याने चष्मा काढला आणि गंभीरपणे सांगितलं, "गाडी थरथरतेय."

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. म्हणजे मी हसायची थांबेपर्यंत!

(इंजिनचं एक माउंट फाटलं होतं. आलेखातही म्हणे तेच दिसत होतं, पण आम्ही त्याला सांगायला वेळच दिला नाही.)

*

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जत्रा असते. इथे आयुधपूजेला गाड्यांना धुऊन, चंदन-कुंकू लावून, हार घालून, चाकांखाली लिंबं चिरडून पूजा करतात. अड्यारच्या एका बंगल्याचा ड्रायव्हर दुरै, मालकांची मोठी गाडी घेऊन आला. गाडी फुलांनी मढलेली, पण त्याचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, पूजेनंतरच सुरू झालं. स्पीड वाढवला की थरथरते. कालपर्यंत नव्हतं. मालकीणबाई म्हणतात, दृष्ट लागली. अजून एक कोहळा फोडू का?"

मी चाकं बघितली. अशी चाकं मी शोरूममध्येही बघितलेली नाहीत! आरशात बघावं तशी चकचकीत.

"दुरै, चाकं तुम्ही धुतलीत?"

"धुतली? मॅडम, सकाळभर बसून घासली. आतून काळे-काळे चौकोनी तुकडे चिकटले होते रिमला, ते तर निघता निघत नव्हते. सुरीने खरवडून काढले!"

चाकांचा तोल सांभाळणारी वजनं ती! चारही चाकांची एकूण एक. एवढ्या मनापासून ती कोणी काढली नसतील.

अण्णांनी चाकं मशीनवर चढवली आणि नवीन वजनं चिकटवायला लागले. दुरै शेजारी उभा राहून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"अण्णा," तो कळवळून म्हणाला, "इतकी घासून काढली होती, पुन्हा घाण कशाला चिकटवताय?"

*

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा टीचर पुन्हा आल्या. या वेळी थकलेल्या वाटल्या. "रघू गुरुवारीं येतो. एक गिऱ्हाईकही ठरविलें आहे त्यानें."

मी चिडूनच विचारलं, म्हणजे स्वतःवर चिडून, "टीचर, नेमकी होते कधी ही थरथर? नीट आठवून सांगा."

"आठवणें काय त्यांत? शुक्रवारींच होते."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारीं."

"आणि शुक्रवारी तुम्ही काय करता?"

"देवळास जातो आम्ही चौघी. राहुकाळांत दुर्गेस लिंबाचे दिवे लावणें असतें की!"

बघा हं आता. राहुकाळात लिंबाच्या वाटीत दिवा लावून दुर्गेची पूजा करायची, ही इथल्या बायकांची जुनी रीत. आणि राहुकाळात गाडी बाहेर काढायची नाही, हा अण्णांचा नियम. म्हणजे गाडी नेमकी ज्या वेळी आजारी पडत होती, त्या वेळी आमचा दवाखाना बंद! शिवाय आमच्या ट्रायली एका-दोघांच्या. शुक्रवारी मात्र आत चौघी. गाडी भरलेली, मागे वजन, समोर रेल्वेखालच्या सबवेचा चढ, आणि पाय दाबलेला. गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा आतला जॉइंट झिजला असेल, तर असाच भार पडला की थरथरतो. एरवी साळसूद!

मी हे सगळं अण्णांना एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग खुर्ची वळवून कॅलेंडरकडे बघत बसले. इतका वेळ, की मला वाटलं संपलं सगळं. शुक्रवार, राहुकाळ साडेदहा ते बारा. ट्रायल त्याच वेळात, रस्ता तोच, माणसं तीच हवी होती.

"मॅडम," अण्णा शेवटी म्हणाले, "राहुकाळात नवीन काम सुरू करायचं नसतं."

"माहीत आहे अण्णा, पण..."

"पण टीचरांची गाडी तर आपण ऑगस्टपासून बघतोय. हे कुठे नवीन काम आहे?"

*

जॉइंट आम्ही सोमवारी बदलला, थरथर गेली, तो वर्कशॉपचा भाग झाला. सांगण्यासारखं जे आहे ते त्याच्या आधीच्या शुक्रवारी घडलं.

रघू आलेला होता. उंच, नम्र, हातात फोन. मी त्याला जॉइंटचं समजावलं, त्याने मान डोलावली, पण डोळ्यांत विश्वास नव्हता. "मॅडम, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. तुम्ही म्हणता तर बघू. पण आज अम्मा चालवणार नाही. मी चालवीन, म्हणजे कळेलच."

टीचर पर्स घेऊन पुढे शेजारच्या सीटवर बसल्या. मागे पद्मा मामी आणि विजया मामी. चौथ्या लक्ष्मी मामींनी आपली जागा मला दिली आणि स्वतः सेल्वम अण्णांच्या स्कूटरवर मागे बसल्या, लिंबांची पिशवी मांडीवर घेऊन. अण्णा राहुकाळात, साडी नेसलेल्या मामींना घेऊन, गेटबाहेर! गॅरेजची पोरं काम सोडून बघत होती.

रघू फार जपून चालवत होता. इतका, की गाडी मुंगीच्या पावलाने चालली. मागून पद्मा मामी म्हणाल्या, "अरे बाळा, देवीचा रथसुद्धा याहून जोरात जातो!" दोन्ही मामी हसल्या. रघूचे कान लाल झाले. सबवे आला, उतार संपला, चढ सुरू झाला, मागून बसने हॉर्न दिला आणि रघूने पाय दाबला.

आणि गाडी थरथरली. अशी थरथरली, की माझे दात वाजले. स्टीअरिंग, सीट, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं! मामींचं मात्र बोलणं सुरूच होतं. कोणाच्या सुनेने यंदा लाडू बिघडवले, याचं. त्यांना दर शुक्रवारचंच होतं ते.

चढ संपताच रघूने गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. चारही इंडिकेटर लावले. दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट, चेहरा पांढराफटक. मागून अण्णांची स्कूटर येऊन थांबली. लक्ष्मी मामी तिच्यावरूनच विचारत होत्या, "काय झालं? देऊळ आलं का?"

"अम्मा," रघू हळू आवाजात म्हणाला, "अशी... दर आठवड्याला अशी चालवत होतीस तू? मला नाही जमणार. आपण टो करायला कोणाला तरी बोलावू."

टीचरनी घड्याळ बघितलं. बेल्ट काढला, पर्स खांद्याला लावली, खाली उतरल्या. साडीचा पदर खोचत गाडीच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आल्या आणि दार उघडलं.

"सरक," त्या म्हणाल्या. "मज सवय आहे."